अडीचशेचा दगड, सातशेची फरशी

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात गीझर उघडला, की आतल्या कॉइलवर पांढरट, खरखरीत थर चढलेला दिसतो. पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापल्यावर बाहेर पडतो आणि धातूला धरून बसतो. चुनखडकातून वर येणाऱ्या झऱ्यांच्या तोंडाशी, विशेषतः गरम झऱ्यांपाशी, असाच चुना हजारो वर्षं थरावर थर साचत गेला, की त्याचा ट्रॅव्हर्टीन होतो. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे गीझरमधल्या थराचाच सख्खा भाऊ. ट्रॅव्हर्टीन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते. कारण मग पुढची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: गीझरचा थर जे जे उतरवतं, ते ते ही फरशीही खाणार.

दगडातली ती भोकंही तिथलीच. झऱ्याचं पाणी वर आलं की त्यातला वायू निसटतो, बुडबुडे राहतात, शेवाळ आणि काड्या थरात अडकून कुजतात, आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. दगडावर दिसणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे हे साचलेले थर. रोमजवळच्या तिवोली गावाच्या जुन्या लॅटिन नावावरून दगडाचं नाव पडलं. कलोसियमच्या बांधकामात सुमारे १ लाख घनमीटर ट्रॅव्हर्टीन गेला असं मानतात. १९९७ साली खुल्या झालेल्या लॉस एंजलिसच्या गेटी सेंटरला तिवोलीच्याच परिसरातला १६,००० टन दगड लागला. या दोन्ही ठिकाणी तो मुख्यतः भिंतीत उभा आहे, आणि त्याच्यावर कोणी आमसुलाचं सार सांडत नाही. आपल्याकडे उन्हवऱ्याला, वज्रेश्वरीला गरम झरे आहेत, पण ते काळ्या कातळातून येतात. त्यामुळे महाराष्ट्रात या दगडाच्या खाणी नाहीत. आपल्या दुकानांतला माल प्रामुख्याने तुर्कस्तान, इराण आणि इटलीचा असतो. तुर्कस्तानातलं देनिझली हे या दगडाचं मोठं केंद्र, आणि पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्या त्याच भागात आहेत.

भाव सांगतात तो, आणि पडतो तो

पुण्या-मुंबईत चौकशी केली तर तुर्की किंवा इराणी स्लॅबचा भाव चौरस फुटाला साधारण १८० ते ३५० रुपये सांगतात. चांगला इटालियन माल ४०० च्या पुढे सुरू होतो आणि तो कुठे थांबेल याला धरबंध नाही. डॉलर, जहाजभाडं आणि लॉटचा दर्जा यांवर हे आकडे हलत राहतात. म्हणून इथले सगळे दर अंदाजाचे धरा आणि तुमच्या गावातली किमान तीन कोटेशनं समोर ठेवा. मोठी खरेदी असेल तर भिवंडी किंवा सिल्व्हासाच्या गोदामांत जाऊन स्वतः स्लॅब निवडण्याचा एक दिवस वाया जात नाही. फोटोवरून हा दगड घेऊ नका.

आता १२ बाय १५ फुटांचा हॉल धरू. जमीन १८० चौरस फूट. भिंतीच्या कडेने ४ इंची स्कर्टिंग, दार वगळून ५० फूट, म्हणजे आणखी १७ चौरस फूट. एकूण १९७. कटिंग आणि मोडतोड यांसाठी १५ टक्के जास्त धरले, की २२७ चौरस फूट माल मागवावा लागतो. २५० रुपयांच्या भावाने दगड ५६,७५० रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी, १०,२१५ रुपये. टेम्पो आणि हमाली ८,००० धरा. लिफ्टमध्ये स्लॅब मावत नसेल आणि जिन्याने चढवायचा असेल तर हमाल मजल्यागणिक पैसे घेतात, ते वेगळे. बसवण्याची मजुरी १२० च्या भावाने २१,६००. पांढरा ॲडहेसिव्ह किंवा पांढरं सिमेंट मिळून ४० च्या भावाने ७,२००. स्कर्टिंग बसवायला आणि त्याची कड घासायला २,५००. भोकं भरणं, घासणं आणि फिनिश देणं ७० च्या भावाने १२,६००. शेवटी सीलर, हात आणि माल धरून ३० च्या भावाने ५,४००.

बेरीज १,२४,२६५ रुपये. १८० ने भागा: चौरस फुटाला ६९० रुपये. दुकानात ऐकलेला आकडा अडीचशेचा होता. दुकानदार यात खोटं काही बोललेला नसतो, त्याने फक्त दगडाचा भाव सांगितलेला असतो. मिस्त्री मजुरीचा सांगतो आणि पॉलिशवाला पॉलिशचा. तिघांची बेरीज कोणीच करून देत नाही, ती आपणच बयाणा देण्याआधी करायची.

मिस्त्री बऱ्याचदा ब्रासच्या भावात बोलतो. फरशीच्या कामात १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. ‘बारा हजार ब्रास’ म्हणजे फुटाला १२०. त्या दरात स्कर्टिंग, उंबरे, खिडकीच्या पट्ट्या आणि कडेचं मोल्डिंग धरलंय का, हे तिथल्या तिथे विचारा, कारण नंतर या सगळ्याचा दर धावत्या फुटावर लागतो आणि बिल तिथेच फुगतं.

गोदामात काय बघायचं

स्लॅबवर पाणी मारून ओलं फडकं फिरवा आणि तो वाळताना बघत उभे राहा. सपाट भाग आधी कोरडा होतो, चिरा मात्र ओल्या रेघांसारख्या उशिरापर्यंत दिसत राहतात. पाठीमागून बॅटरी धरली, तर भरलेली भोकं आणि पातळ जागा उजळतात. पाठीवर जाळी चिकटवलेली असेल तर विचारा की का. कमकुवत स्लॅबला आधार म्हणून जाळी लावतात, आणि त्यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे आणि भावातही दिसलं पाहिजे. जाडी फुटपट्टीने स्वतः मोजा. कागदावर १८ मिमी आणि हातात १६, हे होऊ शकतं. स्लॅबच्या वाकड्यातिकड्या कडा मापात धरल्या आहेत की सोडल्या आहेत, हेही आधी ठरवून घ्या.

भोकांचं भरण सिमेंटचं आहे की रेझिनचं, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. हा दगड रोज पुसायचा आहे, म्हणून घरातल्या जमिनीसाठी मी रेझिनचं भरण सांगते. बिनभरलेला, खडबडीत दगड दिसायला देखणा असतो, पण तो बाहेरच्या भिंतीला ठीक. घरात त्याच्या भोकांत धूळ, मुंग्या आणि रांगोळी जाऊन बसते.

फिनिश मॅटच घ्या, बाजारात त्याला ‘होन्ड’ म्हणतात. चकचकीत पॉलिशवर लिंबाचा एक थेंब पडला, तरी तो बरोबर तेवढाच गोल मंद होतो आणि खिडकीच्या उजेडात लांबून दिसतो. मॅटवरही दगड तेवढाच खाल्ला जातो, पण डोळ्याला टोचत नाही. शिवाय ओल्या पायाला मॅट फरशी कमी घसरते, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर माझ्या लेखी इथेच निर्णय झाला.

आणि दुकानदाराकडून एक हातभर कटपीस मागून घ्या. तो आठ दिवस स्वयंपाकघरात ठेवा. अर्ध्या भागावर सीलर लावा, अर्धा तसाच राहू द्या. दोन्हीकडे लिंबाची फोड, चहाचा कप, हळद घातलेलं तेल आणि कोकम सरबताचा ग्लास रात्रभर ठेवून बघा. सीलर लावलेल्या भागावर तेल आणि चहा वर तरंगून राहतील, सहज पुसले जातील. लिंबाच्या फोडीखाली मात्र दोन्ही भागांवर पांढरट खूण उठेल. सीलर डागाला अडवतो, आंबटाला अडवत नाही. विक्रेत्याच्या तोंडी हा फरक सहसा येत नाही. तो तुकडा घरातल्या सगळ्यांना दाखवा, विशेषतः ज्यांच्या हातात रोजचं पोछ्याचं फडकं आहे त्यांना.

बिल पक्कंच घ्या आणि त्यावर दगडाचं नाव, देश, लॉट नंबर, जाडी आणि मोजलेलं क्षेत्रफळ लिहून घ्या. ‘कच्च्या बिलात जीएसटी वाचेल’ म्हणून वाचवलेले दहा हजार, माल वेगळा निघाला त्या दिवशी फार महाग पडतात. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

आमच्याकडे झालं ते

आमच्या हॉलची फरशी बसून झाली त्या संध्याकाळी मी घरी पोचले, तर जिन्यातच नाक झोंबणारा वास. आत एक मुलगा सांध्यांवर उडालेलं सिमेंट काढायला बादलीतलं पाणी घातलेलं ॲसिड ओतत होता आणि खराट्याने घासत होता. फरशीवर पांढरा फेस फसफसत होता. मी ओरडले, त्याने थांबून आश्चर्याने बघितलं. काम झालं की ॲसिड मारून फरशी उजळून द्यायची, ही त्याच्या हाताची सवय होती, आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर ती खपूनही जाते. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हा दगड वेगळा आहे. भरपूर पाणी मारलं, पण सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं तेव्हा बादली जिथून जिथून फिरली होती तो अख्खा रस्ता फरशीवर मंद, खरखरीत उमटलेला होता. दोन ठिकाणी भोकांच्या कडा झिजून भरण सुटं झालं होतं.

पूर्ण हॉल पुन्हा घासून घ्यावा लागला. ठेकेदाराने अर्धे पैसे सोसले, अर्धे आमचे गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की कामाच्या करारात ‘या दगडावर कुठल्याही टप्प्यावर ॲसिड वापरायचं नाही’ हे एक वाक्य लिहून घ्या, आणि काम चालू असताना तेच वाक्य मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत भिंतीला चिकटवा. ठेकेदाराला सांगितलेलं शेवटच्या दिवशी येणाऱ्या मुलापर्यंत पोचतच नाही.

बसवताना आणखी तीन गोष्टींवर नजर हवी. फिकट दगडाखाली साधं करडं सिमेंट वापरलं, तर त्याचा काळपटपणा दगडातून वर झिरपतो, आणि तो मग कशानेच जात नाही. खाली पांढराच मसाला पाहिजे. दुसरं, लादीखाली मसाला सगळीकडे भरलेला पाहिजे. बसवल्यावर काठीच्या टोकाने प्रत्येक लादी ठोकून बघा. पोकळ वाजली, की कपाटाचा पाय तिथे आला त्या दिवशी भोकावरचं पातळ झाकण खचणार. तिसरं, खालचा मसाला पुरेसा वाळायच्या आत वर प्लास्टिक आणि पीओपी घालून फरशी झाकून टाकली, तर ओल अडकून काळपट ढग उठतात. पावसाळ्यात काम काढलं असेल तर वाळायला चांगला वेळ द्या आणि सीलर त्यानंतरच.

जुन्या इमारतीत आधीच्या फरशीवर ही फरशी चढवायचा बेत असेल तर थांबा. २० मिमी दगड चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो. त्याखाली दीड इंच मसाला आला, की वजन १२ किलोच्या घरात जातं. ५०० चौरस फुटांवर ते ६ टन होतं. घरात माणसं आणि सामान यांच्यासाठी स्लॅबच्या हिशेबात चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो. त्यातले १२ एकट्या नव्या फरशीने खाल्ले, तर उरलं काय ते बघा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून आणि सोसायटीची परवानगी घेऊनच पुढे जा. इंजिनिअरची फी या सगळ्या खर्चात किरकोळ असते.

कुठे लावावा, कुठे लावू नये

माझं मत स्पष्ट आहे. हॉलची एखादी भिंत, झोपण्याच्या खोलीची जमीन, दारातून आत आल्यावरची जागा इथे ट्रॅव्हर्टीन सुंदर दिसतो, आणि उन्हाळ्यात पायाला त्याचा गारवा लागतो तो टाइलमध्ये नाही. भिंतीला लावताना मात्र उंच आणि मोठे स्लॅब नुसत्या ॲडहेसिव्हवर सोडू नका, मागून धातूच्या क्लॅम्पने पकडून घ्या. ही मजुरी जमिनीपेक्षा जास्त असते आणि ती वाचवण्यात शहाणपण नाही.

स्वयंपाकघराच्या ओट्याला तो लावू नका. चिंच, टोमॅटो, दही, ताक, लिंबू, कोकम: आपला रोजचा स्वयंपाक आंबटावर चालतो. ओट्याला ग्रॅनाइट आहे, तोच तिथे बरा.

बाथरूमचं तर सांगायलाच नको, तरी सांगते, कारण जाहिरातींत तो सगळ्यात जास्त बाथरूममध्येच दिसतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा पांढरा थर नळावर आणि फरशीवर चढतो. तो काढायची बहुतेक सगळी औषधं आम्ल असतात. थर आणि दगड एकाच पदार्थाचे, त्यामुळे थर जाईल आणि दगड राहील असं औषध बाजारात मिळणार नाही. तिथे ट्रॅव्हर्टीनच्या रंगाची टाइल घ्या.

देवघराच्या बाबतीत मी स्वतःचाच नियम मोडते. आमच्याकडे देवघराच्या खाली ट्रॅव्हर्टीन आहे, कारण आमच्या आत्याला तो रंग आवडला. समईखाली रुंद काठाचं पितळी ताट आहे, निरांजन त्या ताटातच राहतं. रांगोळी पाटावर काढतो, जमिनीवर नाही. पहिल्या महिन्यात ताट नव्हतं, तेव्हाचा तेलाचा रुपयाएवढा डाग अजून अंधूक दिसतो.

रोजची निगा आणि डाग

या दगडाचा कठीणपणा मोह मापनावर ३ ते ४, वाळूच्या कणाचा ७. म्हणजे चपलेला लागून आलेली वाळू फरशीवर कानशीसारखी चालते. दारात बाहेर एक आणि आत एक अशी दोन पायपुसणी ठेवा. मऊ ब्रशने किंवा कोरड्या मॉपने धूळ आधी काढायची, मग पिळलेल्या फडक्याने साध्या पाण्याने पुसायचं. आठवड्यातून एकदा दगडासाठीचा न्यूट्रल क्लीनर पुरतो. त्याची बाटली महाग वाटते, पण बादलीत झाकणभरच लागतो. ॲसिड, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर आणि तारेची घासणी या फरशीच्या आसपासही नकोत. घरकामाच्या मावशी बदलल्या की पहिल्या दिवशी कटपीस दाखवून हे पुन्हा सांगा.

डाग आणि खूण यांत फरक करायला शिका. डाग आजूबाजूच्या दगडापेक्षा गडद असतो, काहीतरी आत मुरलेलं असतं. आंबटाची खूण फिकट आणि मंद असते, तिथून वरचा दगडच गेलेला असतो. खूण पुसून जात नाही, ती घासूनच काढावी लागते. डाग मात्र पोटीस लावून ओढून काढता येतो, जसं गळवाला लावतात तसंच. तेलासाठी खाण्याचा सोडा पाण्यात दह्यासारखा दाट कालवा. चहा, हळद, कुंकू यांच्यासाठी औषधांच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड बिनवासाच्या टाल्कम पावडरीत कालवा, हातमोजे घालून. डागावर पाव इंच थर द्या, वर प्लास्टिक चिकटवा, एक दिवस ठेवा, मग प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्या. वाळतानाच हा थर डाग वर ओढतो. एका वेळेत जाईलच असं नाही, दोन-तीनदा करावं लागतं, आणि आधी कोपऱ्यात करून बघायचं. हळदीच्या डागावर साबण घासू नका, तो लाल होतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात त्यातलीच ही गोष्ट. ऊन पोचत असेल तर हळदीचा डाग उन्हाने आपोआप फिकट होत जातो. कपाटाच्या पायाखालचा गंज मात्र हात न लावता जाणकाराला दाखवा, कारण गंज काढायची बहुतेक औषधंही आम्लच असतात.

सीलर किती वर्षांनी, हे बाटलीवर वाचण्यापेक्षा फरशीला विचारा. जिथे वावर जास्त तिथे चमचाभर पाणी टाका. दहा मिनिटांनी पुसल्यावर खाली गडद गोल दिसला, तर सीलर संपला. आमच्याकडे दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. वरच्या हॉलचा हिशेब पुढे न्यायचा तर दहा वर्षांत तीनदा सीलर, १६,२०० रुपये, आणि एकदा पुन्हा घासणं, १२,६०० रुपये: आजच्या भावाने २८,८०० रुपये. घर घेताना हे बाजूला ठेवणं झेपणार नसेल, किंवा घरात लहान मुलं आहेत आणि प्रत्येक सांडलेल्या ग्लासामागे धावायचं नसेल, तर मोरबीची ट्रॅव्हर्टीनसारखी दिसणारी टाइल घ्या. चौरस फुटाला ५० ते १५० रुपयांत मिळते, सीलर लागत नाही. शहाबादी आणि कोटा हेही चुनखडकच, ॲसिड त्यांनाही चालत नाही, पण ते घट्ट आणि गडद असल्याने पुष्कळ काही पोटात घालतात, आणि दगडाचा खर्च ट्रॅव्हर्टीनच्या पाव भागात निघतो.

घ्यायचंच ठरलं तर सगळा माल एकाच लॉटमधून, एकाच वेळी घ्या आणि चार लाद्या जास्तीच्या माळ्यावर ठेवा, कारण पुढच्या वर्षी त्याच नावाखाली वेगळ्याच रंगाचा डोंगर आलेला असतो. लॉट नंबर, भरणाचा रंग, सीलरचं नाव आणि तो लावल्याची तारीख एका कागदावर लिहून मेन स्विचच्या दाराला आतून चिकटवा. आमच्याकडच्या कागदावर तीन तारखा झाल्या आहेत, चौथी या दिवाळीनंतरची आहे.